वह्या आणि आजीबाई



इ. स. १७३९ सालीं वसई मराठ्यांच्या हातीं आली. यूरोपीय मठवासी निघून गेले, चर्चची एक घंटा वाईजवळ मेणवलीस पोहोंचली; एतद्देशीय पाद्री मात्र लोकांजवळ राहिले. त्या लोकांचा वृत्तांत कोठें शोधावा? ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ सालीं विवाहाची नोंदवही ठेवण्याची आज्ञा केली. परंतु वाळवीस ती ठाऊक नाहीं! आपल्या इतिहास समितीनें उरलेलीं पानें हलकेंच सोडवून नकला केल्या. वहींत नांव व तारीख मिळते. लग्नघरीं काय गाइलें, तें सामवेदी बोलींत आजीबाईंपाशींच आहे. तें उतरून घेण्यास तरुण उत्सुक होते. 'आधीं वह्या' असें मींच बजाविलें. त्या पावसाळ्यांत दोघी आजीबाई देवाघरीं गेल्या. आतां दर रविवारीं मिस्सानंतर तरुण घरोघर जातात, वह्या कपाटांत थांबल्या आहेत.