चौकातली डावी कड

शाळा सुटल्यावर फाटकाशी उभे राहून सायकलवाली मुले चौक कशी ओलांडतात हे पाहात राहण्याची मला जुनी खोड आहे. सरळ जाणारा पोरगा आपली डावी कड धरून निमूट चाललेला असतो. तेवढ्यात त्याच्या पुढे गेलेली मोटार एकाएकी डावीकडे वळते आणि त्याची वाट कापते. नियमाने चालणारा नेमका तोच सापडतो! हात दाखवावा, मागे वळून पाहावे, हे आम्ही मास्तर शिकवितो, शिकवावेच. पण चौकाची घडणच चुकली असेल तर दहा वर्षांच्या पोराच्या हाताने काय अडणार?

हॉलंडातील आईबापांना हाच प्रश्न पडला होता. आज सायकलींचा म्हणून नावाजलेला तो देश मधल्या काळात तसा राहिला नव्हता. महायुद्धानंतर पैसा आला, पैशामागून मोटारी आल्या. १९७१ साली तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. पुढच्याच वर्षी, अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने लेख लिहिला आणि त्यातून ‘बालहत्या थांबवा’ ही चळवळ उभी राहिली. ‘अपघात’ नव्हे, ‘हत्या’! शब्द कडू खरा, पण मला तो अतिशयोक्तीचा वाटत नाही. लोकांनी रस्ते अडविले. १९७३च्या तेलटंचाईत काही रविवार मोटारी बंद राहिल्या, तेव्हा मोकळा रस्ता कसा असतो हेही साऱ्यांनी पाहिले. त्या दशकाच्या अखेरीस हेग आणि तिलबर्ग येथे सरकारी खर्चाने सायकलमार्ग झाले.

चौकाची युक्ती हळूहळू घडत गेली. (तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, मी आपल्या बाजूने सांगतो.) कोपऱ्यावर दगडी काठाचा छोटा उंचवटा करतात, त्याला वळसा घालताना मोटारीला वेग टाकावाच लागतो. सायकलीची वाट मोटारभर आत सरकवितात, म्हणजे वळलेल्या चालकाला सायकलस्वार काचेसमोर आडवा दिसतो, कानामागे राहात नाही. सिग्नलला सायकली मोटारींच्या पुढे थांबतात. उजवीकडे जाणारा आधी सरळ पलीकडे जातो, थांबतो, मग वळतो. लोंढ्यात घुसत नाही.

हे शेवटचे आमची शहाणी मुले आपली आपणच करतात. थांबतात ती मात्र रसवाल्याच्या गाडीमागे; पलीकडे दुसरी जागाच नाही.