रामशेजचा पहारा, साल १६८२

पेठ रस्त्याने नाशिक मागे पडतं आणि थोड्याच वेळात तुम्हाला रामशेज दिसतो. पाहिल्याबरोबर तुमच्या मनात येतं, एवढासाच? साल्हेर, धोडप, हरिहर पाहिलेल्या डोळ्यांना हा किल्ला किल्लाच वाटत नाही. समुद्रसपाटीपासूनची उंची सव्वातीन हजार फुटांच्या आसपास, पण त्यातले दोन हजार तर नाशिकच्या पठाराचेच. आजूबाजूला जंगल नाही, शेजारी आधाराला लागून डोंगर नाही. सपाटीवर एकटाच उभा. हे लक्षात ठेवा. औरंगजेबाच्या सरदारांनी पहिल्यांदा बघितला तेव्हा त्यांनाही तो असाच दिसला.

आजचा दिवस तुमच्या एकट्याचा. बस नाही, घोळका नाही. पायथ्याच्या आशेवाडीत एक वाटाड्या तुमची वाट बघत उभे आहेत. गाव त्यांना नाना म्हणतं, तुम्हीही नानाच म्हणा. गाडीतून उतरताच ते तुमच्या पाठीवरची पिशवी हाताने तोलून बघतात. ‘पाणी घेतलंत ना भाऊ? वर टाक्यांत आहे, पण ते प्यायचं नाही.’ आणि चालायला लागतात.

वर चढताना नाना इतिहास सांगत नाहीत. ‘आधी दम लागू द्या. दम लागल्याशिवाय किल्ला कळत नाही.’ पायऱ्या आहेत, वाट सरळ आहे, धडधाकट माणूस अर्ध्या-पाऊण तासात माथा गाठतो. एप्रिलच्या उन्हात मात्र काळा कातळ सकाळी नऊलाच तापतो. मध्ये रामाचं देऊळ लागतं. वनवासात राम इथे विसावला, ही त्याची शेज, अशी श्रद्धा आहे, आणि गडाचं नाव त्यावरूनच. देवळापाशी टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि उठायचं.

मग कातळात कोरलेला दरवाजा येतो. इथे नाना थांबतात. ‘हात लावा,’ म्हणतात. तुम्ही दगडाला हात लावता. छिन्नीचे घाव अजून बोटांना लागतात. ‘आता मागे वळून खाली बघा.’

खाली आशेवाडीची सिमेंटची घरं नाहीत. डांबरी रस्ता नाही. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांचा हिरवा पट्टा नाही, तिथे नुसती नांगरून पडलेली ढेकळं आहेत. आणि त्या ढेकळांवर, नजर जाईल तिथपर्यंत, राहुट्या. उंट, हत्ती, तोफांचे गाडे, दाण्याची पोती लादलेले बैलांचे तांडे. धुरळा इतका की सूर्य तांबूस दिसतो. साल १६८२. शिवाजी महाराज जाऊन दोन वर्षं झाली आहेत. बंडखोर शाहजादा अकबर संभाजी राजांच्या आश्रयाला आला आहे, आणि बाप औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला आहे. मार्चमध्ये तो औरंगाबादेत पोचला. उत्तरेकडून येणाऱ्या त्याच्या फौजेला बागलाण आणि नाशिक हे दार आहे, आणि दारात हा बुटका किल्ला. सुरुवातीलाच एक सोपा विजय पदरात पडावा, बाकीच्या किल्लेदारांनी हाय खावी, म्हणून त्याने शिहाबुद्दीन खानाला इकडे धाडलं. याच शिहाबुद्दीनचा मुलगा पुढे हैदराबादचा पहिला निजाम झाला. म्हणजे समोर उभा असलेला माणूस ऐरागैरा नव्हता.

‘किती दिवस लागतील वाटतं?’ नाना विचारतात. खालचा पसारा आणि वरची मूठभर शिबंदी बघून तुम्ही मनात एक आकडा धरता. तो काही आठवड्यांचा असतो. खानानेही तसाच काही धरला असणार.

आत या. तटाच्या आतल्या बाजूला, टाक्यांच्या जवळ, तुम्हाला तोफखाना शोधायचा आहे, आणि तो सापडत नाही. कारण तो नाहीच. गडावर लोखंडी तोफ नव्हती. हे मराठी अभिमानातून आलेलं वाक्य नाही. ते लिहून ठेवलं आहे खाफीखानाने, मोगलांच्या चाकरीतल्या इतिहासकाराने, आपल्याच बाजूची नामुष्की सांगताना. तो म्हणतो, गडावर चामड्याचा साठा भरपूर होता, किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करून घेतल्या आणि त्यांतून चामड्याचा मारा केला. अशी एकेक तोफ दहा तोफांचं काम करत होती, अशी कबुलीही तो देतो.

खाफीखान इथे थांबतो. त्या तोफा कुणी केल्या, कशा केल्या, हे त्याने लिहिलं नाही. त्याला त्या माणसांशी कर्तव्य नव्हतं. मला आहे. म्हणून इथून पुढची काही मिनिटं माझ्या कल्पनेची आहेत, पण कारागिराच्या हाताला जे ठाऊक असतं त्याच्या बाहेर मी जाणार नाही.

एक जाड खोड आडवं पडलं आहे. सुताराने ते उभं चिरून दोन फाळ्या केल्या आहेत आणि वाकसाने दोन्हींच्या पोटात पन्हळ कोरत नेली आहे. तुम्ही बोट फिरवून बघता. त्याने पटाशीने आतली एकेक कूस काढून टाकली आहे, कारण आत कूस राहिली तर बार तिथेच अडेल आणि खोड फुटून डागणाऱ्याचाच घास घेईल. मग दोन्ही फाळ्या एकमेकींवर बसतात आणि कातडं कमावणारा पुढे येतो. त्याने कातड्याचे पट्टे रात्रभर टाक्याच्या पाण्यात भिजत ठेवले होते. ओलं कातडं तो खोडाभोवती ओढून ओढून गुंडाळतो, पाय खोडाला लावून, अंग मागे टाकून. ओलं कातडं सुकताना आवळतं. वैशाखाच्या उन्हात ते असं आवळतं की लोखंडी कड्यांची उणीव थोडीफार भरून निघते. अशी तोफ फार बार सोसत नाही. चार-दोन दिवसांत ती चिरते, आणि सुतार पुन्हा नवं खोड ओढून घेतो. वास येतो आहे तो ओल्या चामड्याचा, भुश्श्याचा आणि दारूच्या पुडीचा. सुतार मान वर करत नाही. त्याला तुमच्याशी बोलायला वेळ नाही.

या लढ्याची आठवण काढताना आपण किल्लेदाराच्या हुशारीबद्दल बोलतो, आणि ती होतीच. पण गड राखला तो या हातांनी. खोड कोरणारे, कातडं आवळणारे, टाक्यातून पाणी शेंदणारे, तटावर धोंडे रचून ठेवणारे. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याकडे नाही. किल्लेदाराचं नावसुद्धा वेगवेगळं सांगितलं जातं. नाना ते टाळतात. ‘लोक दोन-तीन नावं घेतात. मी एकही ठासून सांगत नाही. खोटं नाव देण्यापेक्षा न दिलेलं बरं.’ या एका वाक्यासाठी मला नाना मोठे वाटतात.

खाली शिहाबुद्दीनने मोर्चे लावले आहेत, सुरुंग खणायला घेतले आहेत आणि लाकडाचा प्रचंड दमदमा उभा केला आहे. त्यावर तोफा चढवून थेट गडात मारा करायचा. संभाजी राजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना मदतीला पाठवलं, गणेशगावाजवळ त्यांनी मोगलांना गाठून झोडपलं. पहिला पावसाळा आला. पेठेकडून येणारा पाऊस कसा असतो ते नाशिककरांना सांगायला नको. उघड्या माळावरच्या राहुट्यांचं काय झालं असेल त्याचा अंदाज करा. शिहाबुद्दीनची मात्रा चालेना, तेव्हा बादशहाने त्याला माघारी घेतलं आणि बहादूरखान कोकलताशला पाठवलं. हा औरंगजेबाचा दूधभाऊ, दख्खनची सुभेदारी केलेला, मराठ्यांशी वर्षानुवर्षं लढलेला.

त्याच्या वेढ्यातल्या एका रात्री तुम्ही हजर राहायचं आहे. काळोख दाट आहे. नाना तुमचा दंड धरून तुम्हाला तटाशी बसवतात. ‘वाका. बोलायचं नाही.’

गडाच्या एका अंगाला एकदम कल्लोळ उठतो. तोफा, नगारे, मशाली, आरोळ्या. सगळी फौज तिथेच लोटली आहे असं वाटावं, यासाठीच तो आवाज. तुमचे पाय तिकडे धावतात, पण नाना सोडत नाहीत. कारण किल्लेदाराला डाव कळला आहे. त्याने गोंगाटाच्या बाजूला गोंगाटच उभा केला आहे, आपलेही नगारे, आपलीही ओरड. आणि तुम्ही बसला आहात त्या अंधाऱ्या, शांत बाजूला त्याची निवडक माणसं दगडासारखी बसून आहेत. तुमच्या शेजारच्याचा श्वास तेवढा ऐकू येतो. मग खालून दोराचा कातळावर घासण्याचा आवाज येतो. थांबतो. पुन्हा येतो. बहादूरखानाने कडे चढण्यात पटाईत अशी माणसं निवडून या बाजूने वर सोडली आहेत. तटाच्या काठावर आधी बोटं दिसतात, मग डोकं, आणि शेजारी दुसरं. तुमच्या बाजूचे दोघे उठतात आणि घाव घालतात. वर आलेले दोघे खाली जातात ते मागून दोराला लटकलेल्यांना घेऊनच. नंतरचा आवाज मी लिहीत नाही. तीही कुणाची तरी पोरं होती.

मग मांत्रिक. खाफीखानाच्या सांगण्याप्रमाणे बहादूरखानाच्या तळावर भुतंखेतं वश असल्याचं सांगणारा एक इसम होता. त्याने शंभर तोळे सोन्याचा नाग घडवून मागितला, आणि खानाने तो घडवून दिला. नाग पुढे धरून तो चढू लागला, मागून फौज. अर्ध्या वाटेवर गडावरून आलेला घाव त्याच्या छातीत बसला, नाग एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे. नाशिककडे हा घाव गोफणीच्या धोंड्याचा होता असं सांगतात. इतका मुरलेला सेनापती मंत्रतंत्रावर का उतरला, याचा विचार मात्र करा. सुरुंग, दमदमा, तोफा, रात्रीचा छापा, सगळं करून झालं होतं. शेवटी त्याने तळ उठवला आणि अफाट खर्चून उभा केलेला दमदमा स्वतःच्या हाताने पेटवून दिला. गडावर ढोल वाजले. तुम्हीही तटावर उभे राहून तो जाळ बघा, तो बघायचा तुमचा हक्क आहे.

संभाजी राजांनी किल्लेदाराला मानाची वस्त्रं, जडावाचा दागिना आणि रोख बक्षीस पाठवलं, आणि त्याला दुसऱ्या, अधिक महत्त्वाच्या गडावर नेमलं. बादशहाकडून मग कासिमखान किरमाणी आला. त्याचीही डाळ शिजली नाही. नाना इथे एकदम गप्प होतात, कारण पुढचं त्यांना सांगवत नाही. पण सांगतात.

१६८७. मुल्हेरचा किल्ला मोगलांकडे आहे, तिथला किल्लेदार नेकनामखान. त्याने अब्दुल करीम नावाच्या जमीनदाराला मध्ये घातलं आणि रामशेजच्या नव्या किल्लेदाराशी बोलणी लावली. पन्नास हजार रुपये आणि बादशाही चाकरीत जागा. दरवाजा आतून उघडला. पाच वर्षांहून जास्त काळ हजारोंच्या फौजेला जे जमलं नाही ते एका सौद्याने झालं. सुरुंगांनी तटाला निर्णायक खिंडार पडलं नव्हतं. गड हरला नाही, विकला गेला, असं मी म्हणेन, आणि हा फरक शाळेच्या पुस्तकात ठळक छापावा इतका मोठा आहे. आधीच्या किल्लेदाराला बढती मिळाली म्हणून गड गेला, असं कुणी कुणी म्हणतं. मला ते पटत नाही. पराक्रमी माणसाचा सन्मान करणं ही चूक नव्हे. दोष घेणाऱ्या हातांचा.

दुपार झाली. तुम्ही पुन्हा आपल्या काळात आहात. नाना भाकरीचं फडकं सोडतात, ठेच्याचा वास येतो. समोर भोरगडावर हवाई दलाचं रडार दिसतं. पहारा अजून आहे, साधनं बदलली. मग ते तुम्हाला माथ्यावरची टाकी दाखवतात, एकेक वाकून बघायला लावतात, कारण पाणी नसतं तर शौर्य आठ दिवसही टिकलं नसतं. भवानीचं देऊळ, पडक्या वाड्यांची जोती, आणि कातळातला चोरदरवाजा. १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर भोवतालचे सतरा किल्ले इंग्रजांच्या हाती आले, त्यांत हाही होता. त्या वेळी कुणी लढलं नाही. त्याबद्दल नाना एक वाक्य बोलतात आणि पुढे चालू लागतात, मीही तेवढंच करतो.

उतरताना दरवाज्यापाशी तुम्हाला कातळावर ऑइलपेंटने लिहिलेली नावं दिसतील, बदामांसकट. पाच वर्षं हा दरवाजा राखणाऱ्यांतल्या एकाचंही नाव इथे नाही, आणि एका रविवारी येऊन गेलेल्यांची आहेत. याची चीड यायला हवी.

नाशिकला येणारे पंचवटी बघतात, त्र्यंबकेश्वर करतात, हल्ली वायनरीलाही जातात. त्यांतला एक अर्धा दिवस काढा आणि रामशेजला जा. पावसाळ्यातल्या रविवारची गर्दी टाळा, सकाळी लवकर निघा, प्लास्टिक खाली आणा. पुस्तकात वाचून आलेला असाल तरी आशेवाडीतलाच कुणी माहीतगार बरोबर घ्या, त्याला शांतपणे बोलू द्या, आणि त्याची दिवसभराची मजुरी घासाघीस न करता हातावर ठेवा.