ग्रेपची जन्मकथा: बारा निबंध आणि दोन आठवणी

टर्मिनलवर ग्रेप ही कमांड तुम्ही कधी ना कधी चालवली असेलच. भल्यामोठ्या फाइलमधून हव्या तेवढ्याच ओळी उपसून काढायच्या, एवढंच तिचं काम. सॉफ्टवेअरवाल्यांची गोष्ट वाटते, नाही का? पण तिच्या जन्मकथेत असलेला प्रश्न चक्क आपल्यासारख्यांचा आहे: हा मजकूर लिहिला कोणी?

अमेरिकेची राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून १७८७-८८ मध्ये हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी 'पब्लियस' या एकाच टोपणनावाने ८५ निबंध लिहिले. हेच फेडरलिस्ट पेपर्स. त्यातले १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद पुढे खूप काळ चालला. १९६४ मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी विचार, विषय सगळं बाजूला ठेवून किरकोळ शब्द मोजले. हॅमिल्टन 'व्हाइल' लिहितो तिथे मॅडिसन 'व्हिल्स्ट'. 'अपॉन' हॅमिल्टनकडे सारखा येतो, मॅडिसनकडे क्वचित. कौल मॅडिसनच्या बाजूने गेला.

बेल लॅब्समधल्या ली मॅकमहॉनलाही याच निबंधांत रस होता. ब्रायन कर्निघन सांगतात ती हकिकत अशी: निबंधांचा मजकूर त्या काळच्या युनिक्समधल्या 'ईडी' या एडिटरला झेपेना, म्हणून केन थॉम्प्सननी एडिटरमधला शोधणारा भाग सुटा करून वेगळा प्रोग्राम केला. नावही तिथूनच आलं. एडिटरमध्ये 'जी' म्हणजे सगळ्या ओळींवर, दोन तिरक्या रेघांमध्ये 'आरई' म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन आणि शेवटी 'पी' म्हणजे छाप. जोडून वाचा: ग्रेप. युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीच्या नोव्हेंबर १९७३ च्या मॅन्युअलमध्ये ती आहे.

आता गंमत बघा. स्वतः थॉम्प्सननी २०१९ च्या एका जाहीर मुलाखतीत वेगळंच सांगितलं. फाइलींमध्ये शोधता यावं ही मागणी डग मॅकिलरॉय घेऊन आले. थॉम्प्सनकडे तसा प्रोग्राम स्वतःपुरता आधीपासूनच होता. 'रात्रभर विचार करतो' म्हणून त्यांनी तो थोडा साफसूफ केला आणि दुसऱ्या दिवशी देऊन टाकला! दोन्ही माणसं त्याच प्रयोगशाळेतली. माझ्या मते दोन्ही हकिकती एकमेकींना खोडत नाहीत, पण प्रबंधात यातली एकच उचलून 'ग्रेपचा उगम' असं लिहिलंत तर मार्गदर्शक बरोबर पकडतील. मॅन्युअलची तारीख हा कागदी पुरावा; बाकी दोन्ही आठवणी, त्याही चार दशकांहून जुन्या.

याच मॅकिलरॉय यांनी एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्यात सोडण्याची कल्पना १९६४ पासून लावून धरली होती. १९७३ च्या सुमारास थॉम्प्सननी 'पाइप' आणून ती प्रत्यक्षात उतरवली. १९८६ मध्ये जॉन बेंटली यांच्या सदरात डोनाल्ड नूथ यांनी फाइलमधले सर्वाधिक वापरलेले शब्द मोजणारा कित्येक पानांचा प्रोग्राम सादर केला. समीक्षक होते मॅकिलरॉय. त्यांनी तेच काम सहा छोट्या कमांड पाइपने जोडून करून दाखवलं: शब्द सुटे करा, लहान लिपीत आणा, क्रम लावा, सारखे मोजा, उतरत्या क्रमाने लावा, वरचे तेवढे ठेवा.

तीच सहा कमांडांची ओळ मराठी फाइलवर चालवून बघाच. उत्तर येतं: एक रिकामी ओळ, पुढे १ हा आकडा. पहिली कमांड 'ए ते झेड' सोडून बाकी सगळं पुसते, म्हणजे तुमची अख्खी कादंबरी पुसली गेली. बरं, पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये 'शब्दातलं अक्षर' ही खूण वापरली, तर ती काना-वेलांटीला अक्षर मानत नाही. 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे होतात. त्याहून वाईट 'दुसऱ्या'. त्यातला ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो, पडद्यावर सारखाच दिसतो, आणि मोजणी मात्र दोन वेगळे शब्द धरते. लेखकत्वाचा निकाल किरकोळ शब्दांच्या मोजणीवर लावणार असाल, तर इथे अख्खा निष्कर्ष हलू शकतो.

तेव्हा शब्द तोडताना जागा आणि विरामचिन्हांवर तोडा, मोजण्याआधी ऱ्य एकाच रूपात आणा, आणि हा बदल मूळ फाइलमध्ये हाताने न करता स्क्रिप्टमध्येच ओळ म्हणून लिहा. ती स्क्रिप्ट परिशिष्टात द्या, म्हणजे परीक्षकांना चालवून बघता येईल.