प्रस्तावना : फिट थांबल्यानंतरचे प्रश्न

मुलाच्या फिट थांबल्या की घर सुटकेचा निःश्वास टाकतं. गोळ्या मात्र पुढे बहुधा दोन वर्षं किंवा अधिक काळ चालू राहतात आणि याच वयात मूल बोलायला, वाचायला, मैत्री करायला शिकत असतं. म्हणून अपस्माराच्या औषधांचे दुष्परिणाम समजून घेणं हा उपचाराचाच भाग आहे.

फिनोबार्बिटल १९१२पासून वापरात आहे. स्वस्त असल्याने गरिबांना त्याचा मोठा आधार. पण तापात येणाऱ्या फिट टाळण्यासाठी ते दिलेल्या लहान मुलांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला अमेरिकी अभ्यास विचारात पाडणारा होता. दोन वर्षांनी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक औषधासारखी दिसणारी निष्क्रिय मात्रा घेणाऱ्या मुलांपेक्षा ८.४ गुणांनी कमी भरला. फिट टाळण्यात मात्र फारसा फरक दिसला नाही.

दुसरा अभ्यास २०१०चा. वर्गात बसल्या जागी काही सेकंद हरवणारी ४५३ मुलं, तीन औषधं. इथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट जवळपास सारखीच गुणकारी ठरली, पण व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलांपैकी अधिक जणांचं लक्ष टिकेना. पारडं झुकलं ते दुष्परिणामांमुळे, इथोसक्सिमाइडकडे.

प्रत्येक औषधाची तऱ्हा वेगळी. फेनिटॉइनने हिरड्या सुजून दातांवर चढतात. टोपिरामेटने ओळखीचा शब्द ऐन वेळी सुचत नाही आणि घाम कमी येतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात हे विसरून चालत नाही. लॅमोट्रिजिन हळूहळूच वाढवायचं; अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. लेव्हेटिरासिटाम सुरू झाल्यावर एरवी शांत असलेलं मूल ताट भिरकावतं आणि घरचे म्हणतात, ‘आजारपणात लाडावलंय.’ त्या लेकराला ओरडा बसतो, औषधाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पण या माहितीने घाबरून गोळी परस्पर बंद करू नये. औषध अचानक तोडलं तर थांबता न थांबणारी फिट येऊन जिवावर बेतू शकतं. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने. त्यासाठी वहीत डोस, झोप, भूक, चिडचिड आणि शाळेतून आलेली तक्रार तारीखवार लिहून ठेवा. तपासणीच्या दहा मिनिटांत डॉक्टरांना जे दिसणार नाही, ते आईबापांनी आणि बाईंनी पाहिलेलं असतं. या शास्त्राला त्यांच्या नोंदींची खरोखर गरज आहे.