पट्टा गेला, घंटी आली, आता कॅमेरा

डिमेन्शिया झालेले आजी-आजोबा पडू नयेत म्हणून सेन्सर, कॅमेरे वगैरेंच्या जाहिराती आता आपल्यापर्यंतही पोचल्यात. घ्यायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पण अमेरिका या वाटेने आधी जाऊन आलीय, ते वाचून मग ठरवा.

१९८०च्या दशकापर्यंत तिथल्या नर्सिंग होममध्ये सरळ उपाय होता, बांधून ठेवायचं. खुर्चीला पट्टा, पलंगाला कठडे. पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकर मंडळींच्या केंडल संस्थेने मात्र १९७३पासून कुणालाही न बांधता वृद्धाश्रम चालवून दाखवला. १९८७ला कायदाच झाला : शिस्तीसाठी किंवा स्टाफच्या सोयीसाठी बांधायचं नाही. १९९२मध्ये मेरी टिनेटी यांच्या चमूने ३९७ वृद्धांचा अभ्यास छापला. बांधलेल्यांपैकी १७ टक्क्यांना पडून गंभीर इजा झाली होती, न बांधलेल्यांपैकी ५ टक्क्यांना. बांधलेले मुळात जास्त अशक्त असणार, ही शंका रास्त आहे. पण तो फरक हिशेबात धरूनही बांधण्याचा फायदा काही दिसला नाही.

मग घंटी आली. अंगाखाली दाबाची पट्टी, वजन उठलं की ठणाणा. २०१२मध्ये एका अमेरिकी रुग्णालयातल्या १६ वॉर्डांचा, २७ हजारांवर रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. घंट्यांचा वापर कितीतरी पटींनी वाढला, पडणं जिथल्या तिथे. साहजिकच आहे, घंटी माणूस उठल्यावर वाजते आणि नर्स तिसऱ्याच खोलीत असते. वर डिमेन्शियाच्या माणसाला हा आवाज कसला तेच कळत नाही, तो आणखी दचकतो. घंटी वाजेल या भीतीने कुणी हलेनासा झाला तर तेही बांधणंच, असं तिथल्या सरकारने २०१७च्या सूचनांत सांगितलं.

कॅमेऱ्याचं मला थोडं वेगळं वाटतं. डिमेन्शियाचा माणूस कसा पडला ते सांगू शकत नाही, कॅमेरा सांगतो. कॅनडात दोन वृद्धाश्रमांतली २२७ पडणी व्हिडिओवर तपासली (२०१३). आपण समजतो घसरून पडतात, पण ४१ टक्के वेळा शरीराचा तोल चुकीच्या बाजूला गेला होता. म्हणजे उठता-वळताना हात द्यायला कुणीतरी हवं.

आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ९७ आहे. केवळ स्टाफ कमी आहे म्हणून रुग्णाला बांधता येत नाही. पण हे कलम मानसिक आरोग्य संस्थांसाठी. साध्या वृद्धाश्रमात आईला ठेवताना कॅमेरे किती हे विचाराच, आणि रात्री दोन वाजता जागं कोण असतं तेही विचारा.