मॅग्नेट्रॉन कोणाचा?

मायक्रोवेव्हमध्ये चहा गरम करताना मला बर्मिंगहॅम आठवते. २१ फेब्रुवारी १९४० रोजी तिथल्या विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी तांब्याच्या ठोकळ्यात पोकळ्या कोरून बनवलेला मॅग्नेट्रॉन सुरू केला. दहा सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरी निघाल्या, शक्ती सुमारे ४०० वॅट. त्यातूनच विमानात मावणारे, पाणबुड्या हुडकणारे रडार घडले.

बहुतेक पुस्तकांत गोष्ट इथूनच सुरू होते. पण सोव्हिएत रशियात अलेक्सेयेव्ह आणि माल्यारोव्ह यांनी १९३६-३७ मध्येच अशा मॅग्नेट्रॉनमधून सुमारे ३०० वॅट मिळवले होते. त्याने रँडल-बूट लहान ठरत नाहीत.

मात्र आपला इतिहास वगळला, अशी तक्रार करणाऱ्या आपण इतरांचा वगळलेला इतिहासही वाचायला हवा.