कडेगावचे ताबूत आणि करबलाची कथा

मोहरमचा दहावा दिवस उजाडला की आपल्या भागातील अनेक सुशिक्षित माणसे मुसलमान शेजाऱ्यांना ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’ देतात. हेतू चांगलाच असतो. परंतु उत्तम शुक्रवारी कोणी हारतुरे घेऊन आपल्या दारी अभिनंदनास आले, तर आपली जी अवस्था होईल, तशीच काहीशी त्या शेजाऱ्याची होत असली पाहिजे. तो बिचारा हसून ‘धन्यवाद’ म्हणतो व विषय संपवतो. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावकुसात राहूनही परस्परांच्या दुःखाचा दिवस कोणता, हे आपणांस ठाऊक नसते. वाचकहो, ह्या लेखात आम्ही त्या दिवसाचा मागोवा घेणार आहोत, आणि तोही अरबस्तानातून नव्हे, तर आपल्याच मुलखातून.

औंधहून दक्षिणेस कुंडलच्या रोखाने निघाले, की सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी मागे पडते आणि सांगली जिल्ह्यात शिरल्यावर कडेगाव लागते. येथील ताबूत प्रसिद्ध आहेत. बांबूच्या कामट्यांचे, अष्टकोनी, मजल्यावर मजला चढत गेलेले हे डोलारे घरांच्या छपरांच्या कितीतरी वर जातात. ‘गगनचुंबी’ हा शब्द वर्तमानपत्रांनी झिजवून टाकला असला तरी येथे तो शोभतो. बांधणीची रीतही न्यारी: आधी कळस, मग पाया. मोहरमच्या दहाव्या दिवशी हे ताबूत वाजतगाजत एकत्र येतात व त्यांच्या ‘भेटी’ होतात. यांपैकी काही ताबूत मुसलमान घराण्यांचे, तर काही हिंदू घराण्यांचे आहेत. कराडचे ताबूत पाहून गावच्या एका देशपांडे जहागीरदारांनी ही प्रथा सुरू केली, असे गावकरी सांगतात. खांदा देणाऱ्यांत सर्व जातींची माणसे असतात.

अभ्यासकाला येथे एक कोडे पडते. ताबूत ही इमाम हुसेन यांच्या कबरीची प्रतिकृती, आणि हुसेन यांचा शोक हा मुख्यत्वे शिया पंथाचा आचार. परंतु औंध, खटाव, कडेगाव, कराड या टापूत शिया जवळजवळ नाहीतच. आपल्या गावांतील मुलाणी, आतार, नदाफ, तांबोळी, शिकलगार, बागवान ही मंडळी सुन्नी आहेत. मग शियांचा हा शोक सुन्नींनी आणि हिंदूंनी खांद्यावर का घेतला? याचे उत्तर शोधताना इस्लामचा आरंभीचा इतिहास चाळावाच लागतो.

महंमद पैगंबरांचा जन्म इ. स. ५७० च्या सुमारास मक्केत कुरैश टोळीच्या हाशिम कुळात झाला. बाप जन्मापूर्वीच वारला, आई बालपणी गेली. वयाच्या सुमारे चाळिसाव्या वर्षी, इ. स. ६१० मध्ये, आपणांस ईश्वरी संदेश मिळाला असे त्यांनी प्रथम पत्नी खदीजा यांना सांगितले. ईश्वर एक आहे, त्याच्यापुढे सर्वांना जाब द्यावयाचा आहे, अनाथ व गरीब यांना नागवू नका, हा त्या उपदेशाचा गाभा होता. मूर्तींच्या यात्रेवर पोट भरणाऱ्या मक्केच्या धनिकांना तो रुचला नाही व छळ सुरू झाला. इ. स. ६१५ च्या सुमारास काही अनुयायी समुद्र ओलांडून हबशांच्या देशात गेले. तेथील राजा ख्रिस्ती होता. पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर यांनी त्याच्या दरबारात कुराणातील पवित्र मरियेविषयीचा भाग म्हणून दाखविला आणि राजाने या निर्वासितांना शत्रूच्या हवाली करण्याचे नाकारले, असे मुसलमान इतिहासकारच कृतज्ञतेने नोंदवतात. आमच्या प्रवचनांतून ही कथा फारशी कधी सांगितली जात नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

इ. स. ६२२ मध्ये पैगंबर मक्का सोडून मदिनेस गेले. ही हिजरत, हिजरी सन येथून मोजतात. ६३० मध्ये मक्का त्यांच्या हाती आली आणि ६३२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना हयात पुत्र नव्हता. पुढारी कोण, हा प्रश्न त्याच दिवशी उभा राहिला. बहुसंख्यांनी वयोवृद्ध सोबती अबू बक्र यांना खलिफा निवडले. पैगंबरांचे चुलतभाऊ व जावई अली हेच खरे वारस, असे मानणारा एक गट होता. अबू बक्र, उमर, उस्मान यांच्यानंतर चौथे खलिफा म्हणून ६५६ मध्ये अलींना संधी मिळाली. परंतु तोवर यादवी पेटली होती. ६६१ मध्ये अलींचा खून झाला व सत्ता दमास्कसच्या उमय्या घराण्याकडे गेली. अलींचा पक्ष, अरबीत ‘शीआ’, हा प्रथम राजकीय पक्ष होता. त्याचा धर्मपंथ झाला तो करबलात.

उमय्या खलिफा मुआविया यांनी आपला पुत्र यजीद यास वारस नेमले. अली व फातिमा यांचे पुत्र, म्हणजे पैगंबरांचे नातू, हुसेन यांनी त्याच्याशी एकनिष्ठेची शपथ घेण्यास नकार दिला. इराकातील कुफा शहराच्या रहिवाशांनी ‘या, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ अशी पत्रांवर पत्रे धाडली. हुसेन बायकामुलांसह निघाले. पण ते पोहोचण्यापूर्वीच कुफेच्या सुभेदाराने शहर दहशतीने गप्प केले होते. (झावळ्या हलवून स्वागत करणारा जमाव आठवड्याभरात कोठे गेला, हे आपण दरवर्षी वाचतो.) फुरात नदीजवळ करबलाच्या माळावर त्यांचा तळ हजारोंच्या फौजेने वेढला. सातव्या दिवसापासून नदीचे पाणी तोडले. मोहरमच्या दहाव्या तारखेस, १० ऑक्टोबर ६८० रोजी, सुमारे ७२ साथीदारांसह हुसेन मारले गेले. तान्ह्या मुलालाही बाण लागला, असे परंपरा सांगते. स्त्रियांना कैद करून दमास्कसला नेले. तेथे भर दरबारात हुसेन यांची बहीण झैनब यांनी यजीदला सुनावले. आपल्या गावात मोहरमच्या दिवसांत सरबत वाटतात, ते त्या तहानेच्या स्मरणार्थ. काठीवर मिरवणाऱ्या पंजाची पाच बोटे म्हणजे पैगंबर, फातिमा, अली, हसन आणि हुसेन. आणि ‘ताबूत’ म्हणजे अरबीत पेटी, शवपेटी. कुराणात कराराच्या कोशासाठीही हाच शब्द आला आहे.

शियांच्या मते नेतृत्व अलींच्या वंशातील इमामांकडेच असते. त्यांतील बहुसंख्य बारा इमाम मानतात. बारावा ९ व्या शतकात दृष्टीआड झाला व तो परत येईल, अशी त्यांची श्रद्धा. सातव्या इमामाच्या प्रश्नावर इस्माइली वेगळे झाले. मुंबई-पुण्यातील व्यापारी बोहरा व आगाखानी खोजा हे त्यांच्यापैकी. सुन्नी जगात बहुसंख्य आहेत. त्यांच्यात कायद्याच्या चार परंपरा असून त्यांतील दोन महाराष्ट्रातच भेटतात. समुद्रमार्गे आलेल्या अरब व्यापाऱ्यांशी संबंध असलेले कोकणी मुसलमान शाफिई, तर घाटावरचे हनफी.

आता आपल्या कोड्याकडे वळू. १४९० च्या सुमारास विजापुरी स्वतंत्र झालेल्या युसुफ आदिलशहाने १५०२ मध्ये शिया पंथ राजधर्म ठरविला. इराणात शाह इस्माइलने नुकतेच तेच केले होते. १५३४ मध्ये गादीवर आलेल्या पहिल्या इब्राहिमने सुन्नी पंथ आणला; १५५८ मध्ये पहिल्या अलीने पुन्हा शिया. दुसरा इब्राहिम अल्पवयी असताना कारभारी दिलावरखान या हबशी सरदाराने पुन्हा सुन्नी. शंभर वर्षांच्या आत चार वेळा! खुतब्यात कोणाची नावे घ्यावयाची, हे दरबारात बदलत राहिले. रयतेपर्यंत मात्र पंथाचा वाद पोहोचलाच नाही, पोहोचली ती हुसेनची कथा. पहिल्या इब्राहिमने हिशेब फारशीऐवजी देशभाषेत ठेवविले व ब्राह्मण कारकून नेमले. त्यामुळे देशमुख-देशपांड्यांचे विजापूरशी नाते जडले, आणि दरबाराच्या शोकाचा थाट या वतनदारांनी गावी आणला, असे आम्हांस वाटते. कराडच्या मशिदीचे उंच मनोरे त्याच शतकातले. पुढे प्रतिनिधींच्या औंध संस्थानाचे गुणदाळ ठाणे तर विजापूर जिल्ह्यातच होते. आज नकाशावर दूर वाटणारी ही स्थळे त्या काळी एकाच दळणवळणात होती.

१६८६ मध्ये आदिलशाही संपली. तिचा पंथ गेला, ताबूत राहिला. पाण्यावाचून मेलेल्या माणसाची कथा आपल्या अवर्षणी माणदेशाला कोणी समजावून सांगावी लागत नाही.

सर्व मुसलमानांना मात्र हे मान्य आहे असे नाही. आशुराचा, म्हणजे दहाव्या दिवसाचा, उपवास सुन्नी वेगळ्या कारणाने करतात. मदिनेतील यहुदी मोशेच्या सुटकेच्या स्मरणार्थ तो पाळीत, हे पाहून पैगंबरांनीही तो सांगितला, अशी त्यांची परंपरा आहे. देवबंदी व अहले हदीस विचारांचे उलेमा ताबुताला धर्मबाह्य ठरवितात. त्यांचे म्हणणे तर्कशुद्ध आहे, कारण कलमा, नमाज, रोजा, जकात आणि हज या पाच आधारांत ताबूत कोठेच बसत नाही. शिल्लक संपत्तीचा चाळिसावा हिस्सा गरिबांस देणे हे तेथे कर्तव्य आहे, मिरवणूक नव्हे. तरीही गावची माणसे ताबूत सोडीत नाहीत. लोकांचा धर्म आणि ग्रंथांचा धर्म यांतील ही ओढाताण आम्हां धर्मगुरूंना चांगलीच परिचयाची आहे.

हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे असते व त्यात अधिक मास नसतो. म्हणून मोहरम कधी पेरणीत, कधी सुगीत, कधी उन्हाळ्यात येतो. २९ जून २०२३ रोजी बकरी ईद व आषाढी एकादशी एकत्र आल्या. त्या दिवशी अनेक गावांतील मुसलमानांनी कुर्बानी पुढे ढकलली. ईदेनंतरही कुर्बानीस दोन दिवस मुभा असते. १७ जुलै २०२४ व ६ जुलै २०२५ या दोन्ही दिवशी आशुरा आणि आषाढी एकादशी पुन्हा एकत्र आल्या.

मिरजेचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. तेथील ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात उरुसाला चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ चढतो. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये निवर्तले. त्यांचा देह याच आवारात विसावला आहे व उरुसात थोर गायक-वादक तेथे हजेरी लावतात. सूफी हा इस्लामचा तिसरा पंथ नव्हे. सुन्नी व शिया दोहोंतही वाहणारा तो भक्तीचा प्रवाह आहे.

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मुसलमानांविषयी आदर व्यक्त केला व जुनी वैरे विसरून परस्परांस समजून घेण्याचे आवाहन केले. प्रभू येशूच्या क्रूसमरणाविषयी कुराणाची भूमिका आपल्या श्रद्धेहून भिन्न आहे, हे झाकण्याचे कारण नाही. परिषदेनेही भेद झाकले नाहीत. पण समजून घेणे कोठून सुरू करावयाचे? १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त होऊन जमावाने पुसेसावळीत मशिदीवर हल्ला केला. आत असलेला एक तरुण ठार झाला, काही जण जखमी झाले, जिल्ह्यातील इंटरनेट बंद ठेवावे लागले. औंधहून कडेगावास जाणाऱ्याच्या वाटेवरचे हेच ते गाव. त्या तरुणाच्या घरच्यांना त्यांचा दुःखाचा दिवस आता हिजरी पंचांगात पाहावा लागत नाही.